कर्णरोगनिदान : आरशापासून चुंबकीय प्रतिमेपर्यंत

कान बाहेरून उघडा दिसत असला तरी त्याचा महत्त्वाचा भाग कवटीच्या अतिशय कठीण हाडात दडलेला आहे. साहजिकच कर्णरोगनिदानाचा प्रश्न प्रथम प्रकाशाचा होता. १८४१ मध्ये वेस्टफालियातील फ्रीडरिख हॉफमान यांनी मध्यभागी छिद्र असलेल्या आरशाने कानात प्रकाश पाडला; त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. आन्टोन फोन ट्रोल्च यांनी १८५५ मध्ये पॅरिस येथे अशाच आरशाचे प्रात्यक्षिक दाखविले आणि ही पद्धत रूढ झाली.

परंतु पडदा दिसला म्हणजे रोग दिसला असे नव्हे. मध्यकर्णातील पू कानामागील मॅस्टॉइड हाडाच्या पोकळ्यांत आणि तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. डब्लिनचे विल्यम वाइल्ड यांनी १८५३ मध्ये कर्णशल्यचिकित्सेवर ग्रंथ लिहिला. कानामागे घेतला जाणारा छेद त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांचे पुत्र, नाटककार ऑस्कर वाइल्ड, ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसमध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने निधन पावले. त्याचे मूळ जुनाट कर्णरोगात होते, असे अनेक अभ्यासक मानतात, मतभेद आहेतच. क्ष-किरणांचा शोध तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता.

व्हिएन्नाचे आर्थर शुलर यांचा कवटीच्या तळाच्या क्ष-किरण चित्रणावरील ग्रंथ १९०५ चा. दोन्ही कानांच्या हाडांच्या छाया एकमेकींवर पडू नयेत म्हणून किरण तिरपे सोडण्याची, त्यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत साधीच आहे. पण हाडाच्या पोकळ्या कितपत विकसित आहेत आणि मोठी रक्तवाहिनी किती पुढे आहे हे शस्त्रक्रियेपूर्वीच कळू लागले. या शुलरांना १९३८ नंतर नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडून मेलबर्न गाठावे लागले.

लंडन येथे १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. पुढे या तंत्राने कानातील सूक्ष्म अस्थींची झीजही स्पष्ट दिसू लागली. तरीही कोलेस्टीटोमा, म्हणजे त्वचेच्या मृत पेशी साचून हाड कुरतडणारी गाठ, आणि निव्वळ द्रव किंवा व्रणाची ऊती यांतील भेद सीटी स्कॅनवर बहुधा करता येत नाही. त्यामुळे गाठ काढल्यानंतर ती पुन्हा वाढली काय हे पाहण्यासाठी अनेक रुग्णांचा कान दुसऱ्यांदा उघडावा लागे. पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवर आधारित एमआरआयमध्ये ही गाठ ठळक उजळ दिसते. त्यामुळे अशा कित्येक शस्त्रक्रिया टळतात. दोन-तीन मिलिमीटरहून लहान गाठ मात्र तीतूनही निसटू शकते आणि रुग्णाला काही काळाने पुन्हा चित्रणासाठी बोलवावे लागते.