प्रतिदर्श वितरण
एकाच समष्टीतून ठरावीक आकाराचे नमुने पुन्हापुन्हा काढले, तर प्रत्येकाची सरासरी थोडी वेगळी येते. या सर्व संभाव्य सरासरींचे वितरण म्हणजे सरासरीचे प्रतिदर्श वितरण.

डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातील विल्यम गॉसेट यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिले. ३,००० गुन्हेगारांची उंची आणि मधल्या बोटाची लांबी त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे नीट पिसले आणि चार-चारचे ७५० नमुने पाडले. संगणकाविना हा उद्योग म्हणजे चिकाटीची कमालच. निष्कर्ष १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापले गेले.

नमुना वाढला की सरासरींची पांगापांग घटते, पण कूर्मगतीने: ही पांगापांग मोजणारी ‘प्रमाण त्रुटी’ निम्मी करायला नमुना चौपट लागतो.

प्रमाणांचेही तसेच. निम्मे मतदार एखाद्या पक्षाचे असतील, तर १,००० जणांच्या यादृच्छिक नमुन्यात प्रमाण त्रुटी सुमारे १.६ टक्के येते. मतचाचण्यांतला ‘तीन टक्के इकडेतिकडे’ हा शेरा तिच्या साधारण दुपटीतून आलेला. अर्थात निवड यादृच्छिक हवी, नाहीतर मोठा नमुनाही फसवतो. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाकडे मतचाचणीची वीस लाखांहून अधिक उत्तरे होती, भाकीत लँडन यांच्या विजयाचे होते, निवडून आले रूझवेल्ट.