पेट्रोलातील मद्यार्क आणि जुन्या मोटारी

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना आजकालची आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ब्राझीलने १९३१ सालीच आयात पेट्रोलात शेकडा पाच मद्यार्क मिसळण्याची सक्ती केली होती. स्वतंत्र भारताच्या विधिमंडळानेही १९४८ साली ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ संमत केला. साखर कारखान्यांतील मळीचे करावयाचे काय, हा प्रश्न त्यामागे होता. पुढे मळीच्या मद्यार्काला रसायन उद्योगांकडून व मद्याच्या भट्ट्यांकडून मागणी वाढली आणि मोटारींच्या वाट्याला फारसे काही उरले नाही. हा कायदा २००० साली रद्द झाला. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी मिरज, मनमाड व बरेलीनजीकचे आंवला येथे मिश्रणाचे नवे प्रयोग सुरू झाले!

अमेरिकेची कथा निराळी. एंजिनातील ठोका थांबविण्यास मद्यार्क उपयोगी पडतो, हे तेथील संशोधकांना ठाऊक होते. परंतु १९२१ साली शिशाचे संयुग हाती आले. ते अल्प प्रमाणात पुरे आणि त्याचे पेटंटही घेता येई. विषारी शिसे जिंकले. भारतातील पेट्रोल त्यापासून २००० सालीच मुक्त झाले.

मद्यार्काचा गुण निर्विवाद आहे. दोषही तितकाच निश्चित आहे. एक लिटर मद्यार्कात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश इतकीच उष्णता असते. त्यामुळे शेकडा वीस मिश्रणात सुमारे सात टक्के उष्णता कमी पडते. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व दहा टक्के मिश्रणास जुळविलेल्या चारचाकी गाड्यांची इंधन-कार्यक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असे नमूद आहे. नव्या एंजिनांत ठिणगीची वेळ व दाब बदलून यातील काही तूट भरून काढता येते. जुन्या एंजिनास ती सोय नाही.

पद्मिनी, अँबॅसिडर किंवा पहिल्या पिढीतील मारुती यांचा कार्ब्युरेटर पाहावा. त्यातील जेटचे छिद्र पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले असते. मद्यार्क आपल्याबरोबर प्राणवायू आणतो. म्हणून तेवढ्याच हवेला इंधन अधिक लागते, आणि छिद्र तर तेवढेच. मिश्रण विरळ होते, वेग घेताना गाडी अडखळते, थंडीत सकाळी लवकर चालू होत नाही. नव्या गाडीतील संवेदक ही उणीव आपोआप भरून काढतो. पुन्हा मद्यार्क जुने रबर फुगवितो, टाकीतील वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून गाळणीत आणून बसवितो, आणि पाणी शोषतो. कोकणातील पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पुरेसे पाणी शिरले, तर मद्यार्क व पाणी मिळून तळाशी थर साचतो. आणि इंधनाची नळी बहुधा तेथूनच ओढते.

ब्राझीलने १९७५ नंतर मोठी मोहीम हाती घेतली तेव्हा केवळ पंपच बदलले नाहीत. १९७९ साली निव्वळ मद्यार्कावर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. थंडीत ती सहज चालू होईना, म्हणून अशा गाड्यांत पेट्रोलची छोटी वेगळी टाकी बसविण्यात आली. इंधन आणि यंत्र यांचा विचार तेथे एकत्र झाला.

भारतात दहा टक्क्यांचे उद्दिष्ट २०२२ च्या जूनमध्ये, ठरल्या मुदतीच्या पाच महिने आधी गाठले गेले, आणि वीस टक्क्यांचे मिश्रण २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. तेलाच्या आयातीवरील परकीय चलन वाचणे आणि ऊस व मका पिकविणाऱ्यांना नवे गिऱ्हाईक मिळणे, हे लाभ खरेच आहेत. वाद आहे तो त्यांची किंमत कोणी द्यावयाची, याचा. लिटरमागे कमी अंतर कापणाऱ्या इंधनासाठी जुन्या गाडीच्या मालकाने पूर्वीचाच दर मोजावा, ही मागणी न्याय्य म्हणणे कठीण आहे. ब्रिटनने २०२१ साली दहा टक्क्यांचे मिश्रण आणले तेव्हा जुन्या गाड्यांसाठी उंची दर्जाच्या पेट्रोलात पाच टक्क्यांची मर्यादा राखली. मात्र ते महाग. भारतात शुद्ध पेट्रोलचा पर्याय पंपावर मिळावा म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या सप्टेंबरात फेटाळली.