टोपलीनें उभारलेलें घर

महोत्सवाच्या प्रसंगीं आपण आपल्या वाडवडिलांच्या दानधर्माचें कृतज्ञतेनें स्मरण करितों. मोठ्या देणग्यांची नोंद दगडावर कोरलेली असते; परंतु मूठभर तांदूळ, चार आणे, एखादें जुनें लुगडें असल्या दानांची नोंद कोठेंहि आढळत नाहीं. वास्तविक ज्यांस राहावयास घर नाहीं, अशा दीनजनांचा निर्वाह बहुधा याच लहान दानांवर चालत आला आहे. असें दान एका दिवसाचें पोट भरतें, हें खरें; पण त्यानें कोणाच्या डोक्यावर छप्पर येऊं शकतें काय? या प्रश्नाचें उत्तर फ्रान्स देशांतील एका मोलकरणीनें आपल्या कृतीनें दिलें. तिचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

संत झान ज्युगां हिचा जन्म ता. २५ ऑक्टोबर १७९२ रोजीं ब्रिटनी प्रांतांत समुद्रकांठच्या कांकाल या गांवीं झाला. ती चार वर्षांचीहि झाली नव्हती, तोंच तिचा बाप समुद्रावर गेला तो परत आला नाहीं. ज्यांचें जीवित दर्यावर अवलंबून आहे, अशा आपल्या किनाऱ्यावरील लोकांस त्या घराची अवस्था वर्णन करून सांगावयास नको. वयांत आल्यावर झान एका खानदानी घरीं स्वयंपाकघरांत कामास राहिली. सन १८१७ मध्यें सें-सेर्वां या बंदराच्या गांवीं येऊन तिनें तेथील इस्पितळांत रोग्यांची शुश्रूषा केली व पुढें पुनः घरकाम पत्करलें. वयाच्या ४७ व्या वर्षीं तिची सारी मिळकत म्हणजे एका वृद्ध मैत्रिणीसह भाड्यानें घेतलेली लहानशी जागा आणि रोजच्या मोलमजुरीचे पैसे, एवढीच होती.

सन १८३९ च्या हिवाळ्यांत आन शोव्हें नांवाची एक म्हातारी तिच्या दृष्टीस पडली. ती आंधळी होती, तिचें अंग लुळें पडलें होतें, आणि तिची काळजी घेणारें कोणी उरलें नव्हतें. झाननें तिला आपल्या घरीं आणून स्वतःच्या बिछान्यावर निजविलें व आपण माळ्यावर निजूं लागली. थोड्याच दिवसांत दुसरी म्हातारी आली. सन १८४१ मध्यें तळमजल्यावरची एक मोठी जागा भाड्यानें घ्यावी लागली. तींत १२ वृद्धा राहूं लागल्या. पुढच्याच वर्षीं त्या गांवांतील एक जुना मठ या कार्यासाठीं खरेदी करण्यांत आला.

परंतु इतक्या जणींस खाऊं काय घालावें? यांपैकीं कित्येकजणी पूर्वीं दारोदार भीक मागत असत. छप्पर मिळालें तरी पोटासाठीं त्यांस पुनः रस्त्यावर जावें लागलें असतें, व रस्त्याबरोबर रस्त्याचीं व्यसनेंहि परत आलीं असतीं. तेव्हां झाननें प्रत्येकीस तिचे नेहमींचे दाते कोण, तें विचारून घेतलें, आणि त्यांच्याऐवजीं ती स्वतः टोपली घेऊन त्या दारीं जाऊं लागली. रुग्णसेवेस वाहून घेतलेल्या सेंट जॉन ऑफ गॉड यांच्या संघांतील एका बंधूनें तिला या कामीं उत्तेजन दिलें. जी ब्रिटनीची मानी स्त्री आजवर आपल्या कष्टाचें खात आली होती, तिला परक्या उंबरठ्यावर हात पसरणें सोपें गेलें नाहीं.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, दाते पूर्वींचेच होते, आणि दानहि पूर्वींचेंच होतें: शिळी भाकरी, तांब्याचें नाणें, जुनें कापड. जें दान त्या म्हातारीस रस्त्यावर जिवंत ठेवीत होतें, तेंच आतां तिला घरांत ठेवूं लागलें. मध्यें फरक पडला तो एवढाच कीं, मागण्याची लाज एका निरोगी बाईनें आपल्या शिरावर घेतली, आणि विखुरलेलें दान एका टोपलींत गोळा झालें. घरांतील ज्यांच्या अंगीं शक्ति होती, त्या वृद्धा सूत कातून त्यांत आपल्या श्रमाची भर घालीत.

तिच्याविषयीं एक कथा सांगतात. एका धनिकानें तिला कांहीं दिलें. दुसऱ्या दिवशीं ती पुनः त्याच्या दारीं उभी राहिली, तेव्हां तो रागावला. काल भूक लागलेल्यांस आजहि भूक लागली आहे व उद्यांहि लागणार आहे, अशा अर्थाचें तिनें सौम्यपणें उत्तर दिलें. पुढें तो गृहस्थ नियमित साह्य करूं लागला.

सन १८४५ मध्यें फ्रेंच अकादमीनें तिला ३००० फ्रँकांचें मोंतियों पारितोषिक देऊन गौरविलें. तरी पुढें तिच्या वांट्यास अज्ञातवास आला. संघाच्या तत्कालीन धर्मगुरूनें तिला सन १८५२ पासून सर्व कारभारांतून दूर ठेविलें. ता. २९ ऑगस्ट १८७९ रोजीं तिनें देह ठेविला, तोंपर्यंतच्या २७ वर्षांत मठांतील पुष्कळ नवशिक्या भगिनींस आपल्या संघाची संस्थापिका हीच, हें ठाऊकहि नव्हतें. या काळांत, सन १८६५ मध्यें, संघानें कायमचें ठराविक उत्पन्न स्वीकारावें कीं नाहीं, असा प्रश्न निघाला. तेव्हां मात्र तिचा सल्ला घेण्यांत आला. असें उत्पन्न नको, रोजच्या दानावरच विसंबावें, असा निर्णय झाला. जेथें तिजोरी भरलेली असते, तेथें गरिबांसाठीं कोणी दार ठोठावीत नाहीं, आणि मग गांव त्यांस विसरतें, हें तिनें अनुभवानें जाणलें होतें. सन २००९ मध्यें पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं तिला संतपद दिलें.

तिच्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या भगिनी सन १८८२ मध्यें कलकत्त्यास आल्या. सन १९४८ च्या डिसेंबरांत मदर तेरेसा एकट्या त्या शहरांतील दीनांची सेवा करावयास निघाल्या, तेव्हां त्यांस आरंभीं आसरा मिळाला तो याच भगिनींच्या वृद्धाश्रमांत. घराबाहेरच्यांसाठीं निघालेल्या त्या माउलीसहि प्रथम टोपलीनें उभारलेल्या घरानेंच आश्रय द्यावा, ही ईश्वराची योजनाच होय.

धर्मबंधुभगिनींनो, मिस्सा आटोपून आपण फाटकाबाहेर येतों, बसलेल्या माणसाच्या हातावर नाणें ठेवितों व घरीं जातों. तें नाणें व्यर्थ नव्हे. परंतु एकटें नाणें त्या माणसास तेथेंच ठेवितें. त्याचें नांव काय, तो रात्रीं कोठें निजतो, त्याचें कोणी आहे काय, हें कोणी तरी विचारिलें पाहिजे. दहा घरांनीं वार वांटून घेतले, एकानें जेवण पोंचविलें, दुसऱ्यानें घोंगडी दिली, तिसरा त्याच्याबरोबर दवाखान्यांत किंवा कागदपत्रांसाठीं कचेरींत गेला, तर त्याच लहान दानांतून त्याला पुनः घर मिळण्याची वाट निघेल. द्रव्याची वाण आपल्यांत फारशी नाहीं. टोपली उचलणारा हात मात्र पाहिजे. या महोत्सवाच्या वर्षीं असे कांहीं हात आपल्यांतून पुढें येवोत, अशी प्रभुचरणीं प्रार्थना आहे.