पडद्याआडचे पक्षकार

चंदीगडच्या उच्च न्यायालयात स्त्री वकील युक्तिवादास उभी राहिली, तर आज कोणी मान वळवून पाहत नाही. परंतु ही वाट किती अलीकडची आहे, याचा विसर पडू नये. म्हणून सुजाता मॅसी यांच्या 2018 सालच्या 'द विडोज ऑफ मलबार हिल' या इंग्रजी रहस्यकादंबरीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो.

परवीन मिस्त्री ही 1921 सालच्या मुंबईतील पारशी सॉलिसिटर तिची नायिका. मलबार हिलवर पडद्यात राहणाऱ्या तीन मुसलमान विधवांच्या इस्टेटीचे काम ती हाती घेते आणि त्या घरात खून होतो. जेथे परपुरुषास प्रवेश नाही, तेथे प्रश्न विचारावयास स्त्रीच हवी. कथानकाची सारी कळ येथे आहे.

ही कळ इतिहासातूनच आलेली आहे. परवीनच्या मागे कॉर्नेलिया सोराबजी उभ्या आहेत. 1866 साली नाशिकास जन्मलेल्या या बाईंनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतले. 1892 मध्ये ऑक्सफर्डची बी. सी. एल. परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. पदवी मात्र हाती पडली 1922 मध्ये! मधल्या तीस वर्षांत त्यांनी स्वस्थ बसणे पत्करले नाही. 1904 पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्या पडदानशीन स्त्रियांच्या आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटींचे प्रश्न पाहत होत्या. 1921 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा सर्व देशाचा कायदा 1923 चा.

बाईंचे सारेच आम्हास पटते असे नाही. गांधीजींच्या चळवळीस त्यांनी विरोध केला, इंग्रजी राज्याची बाजू घेतली. परवीनच्या ठायी हा गुंता नाही. कादंबरीस तेवढी मुभा असते, इतिहासास नसते.

परंतु परमुलखात नेमणुकीवर असलेल्या आम्हां मराठी माणसांना खऱ्या कॉर्नेलियाच अधिक जवळच्या वाटतात. खून उलगडला की कादंबरी संपते. नाशिकची ही मुलगी मात्र घरापासून दूर, परक्या जिल्ह्यांत, कुणा विधवेचा हक्क कागदावर आणण्यासाठी दारोदार फिरत राहिली. त्या फिरतीला शेवटचे प्रकरण नव्हते. पुढची फाईल तेवढी होती.