ट्यूरिनचा विद्यार्थी आणि इटालियन भाषा

इटली म्हटले की मराठी माणसाला मॅझिनी आणि गॅरिबाल्डी आठवतात. सावरकरांचे ‘जोसेफ मॅझिनी’ १९०७ साली निघाले, तेव्हा तरुणांनी त्याची प्रस्तावना तोंडपाठ केली. परंतु ते पुस्तकही इंग्रजीवरून उतरलेले. इटलीच्या स्वातंत्र्याशी आपली ओळख झाली, तिच्या भाषेशी झाली नाही. त्यामुळे त्या देशात खुद्द भाषेचाच प्रश्न किती बिकट होता, हे आपल्या कानी आले नाही.

१८६१ साली इटलीचे एक राज्य झाले. त्या वेळी इटालियन बोलणारे शेकडा अडीच होते असे एक अभ्यासक म्हणतो, दुसरा शेकडा दहापर्यंत जातो. कोणताही आकडा घ्या, बाकीची प्रजा आपापल्या प्रांताची बोली बोलत होती. मान्झोनी या कादंबरीकाराने १८६८ साली सरकारला तोडगा सुचवला: फ्लॉरेन्सची बोली प्रमाण मानावी आणि शाळांतून ती देशभर न्यावी. पुण्याच्या बोलीला आपल्याकडे जो मान मिळाला, त्याची येथे आठवण होते.

अशा देशात १९११ साली अंतोनियो ग्रामशी हा वीस वर्षांचा तरुण सार्डिनिया बेटावरून ट्यूरिन विद्यापीठात भाषा शिकायला आला. वडील तुरुंगात गेल्यामुळे लहानपणी शाळा सोडून त्याने कचेरीत आपल्याहून जड दप्तरे वाहिली होती. शिष्यवृत्ती महिना ७० लिरांची. ट्यूरिनच्या थंडीत अंगावर धड कोट नाही. भाषाशास्त्राचे प्राध्यापक मात्तेओ बार्तोली यांनी त्याला हेरले. सार्डिनियाची बोली हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि हा विद्यार्थी ती घरूनच घेऊन आलेला! अमुक शब्द आपल्याकडे कसा म्हणतात, असे तो घरी पत्रे लिहून विचारी. गावात जी अडाण्याची भाषा, ती विद्यापीठात विद्येचा विषय ठरली.

१९१५ नंतर त्याने पदवी सोडून दिली. बार्तोलींना याचे फार दुःख झाले. १९१९–२० साली ट्यूरिनच्या कारखान्यांत कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे ग्रामशीचे ‘ऑर्दिने नुओवो’ हे पत्र होते. १९२६ साली मुसोलिनीच्या सरकारने त्याला पकडले.

तुरुंगातून १९२७ साली त्याने बहिणीला लिहिले, की तुझ्या मुलाला सार्डिनियाची बोली खुशाल बोलू दे. घरात चार ठरावीक वाक्यांची इटालियन शिकवून त्याचे काही भले होणार नाही. परंतु नुसत्या बोलीत राहणाऱ्याची दृष्टी आखूड राहते, हेही त्यानेच वह्यांत लिहून ठेवले. यातले एकच टोक धरून भांडणारे पुष्कळ भेटतात.

सोलापुरात हा वाद पुस्तकी नाही. तेलंगणातून आलेले विणकर तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, शिवाय उर्दू आणि मराठी आहेतच. विडीकामगार बायकांच्या सभेत मी मजुरीच्या दराचे मराठी पत्रक वाटले की त्या घडी करून कमरेला खोचीत. तेच तेलुगूत सांगितले की प्रश्न सुरू होत: हजार विड्यांना किती? खराब म्हणून काढून टाकलेल्या विड्यांचा भुर्दंड कोणावर? अर्ज मात्र मराठीतच करायचा असे. मग मराठी शाळेत शिकलेली त्यांच्यातलीच एखादी मुलगी तो मोठ्याने वाची, ओळीओळीला थांबून आईला तेलुगूत सांगे, आणि त्यानंतरच अंगठे उठत.