हिरड्यांच्या प्रगत विकारावरील शस्त्रक्रिया : अस्थिच्छेदनाकडून अस्थिरक्षणाकडे

प्रस्तावना :
दात किडल्यामुळेच पडतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु न किडलेला दातही त्याच्या भोवतीचे हाड झिजल्यास गळून पडतो. ‘पायोरिया’ या नावाने परिचित असलेल्या या विकाराच्या प्रगत अवस्थेतील शस्त्रक्रिया व तिच्यामागील बदलती भूमिका यांचा प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

पूर्वपीठिका :
सुश्रुतसंहितेत ६५ मुखरोग सांगितले असून त्यांपैकी १५ दंतमूलाचे आहेत. ‘दंतवेष्ट’ या रोगात पू व रक्त येऊन दात हलू लागतात, असे तेथे वर्णन आहे. दहाव्या शतकात कॉर्डोबाच्या अल-झहरावी यांनी दातांवरील किटण खरवडण्याच्या हत्यारांच्या आकृत्या दिल्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील जॉन रिग्ज (१८११–१८८५) यांनी हिरडी कापण्यास विरोध करून मुळांच्या स्वच्छतेवर भर दिला.

छेदनाचा काळ :
रिग्ज यांचे मत सर्वमान्य झाले नाही. १८८४ मध्ये रॉबिचेक यांनी रोगट हिरडी कापून खालचे हाड खरवडण्याची पद्धत मांडली. स्वीडनमधील लिओनार्ड विडमन यांनी १९१८ मध्ये हिरडी उचलून मूळ व हाड स्वच्छ करण्याची आणि ती पुन्हा शिवण्याची ‘फ्लॅप’ पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीच्या श्रेयावर बर्लिनचे रॉबर्ट नॉयमान यांनीही हक्क सांगितला. पायोरियात हाड कुजते, हे या काळातील गृहीतक होते. त्यामुळे मुळात कमी उरलेले हाडही काढले जात असे. १९३५ मध्ये क्रॉनफेल्ड यांनी हे हाड मृत वा जंतुदूषित नसते, असे दाखविले. तरीही १९४९ मध्ये श्लुगर यांनी हिरडीखालील खोल कप्पे नाहीसे करण्यासाठी हाड तासण्याचा पुरस्कार केला. कारण बदलले, हाड मात्र जातच राहिले.

रक्षणाचा काळ :
१९७४ मध्ये रॅम्फ्योर्ड व निसल यांनी विडमन पद्धतीत सुधारणा करून हाड राखण्यावर भर दिला. १९७६ व १९७७ मध्ये निमन, लिंडे व त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी पाच शस्त्रक्रिया पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. दर दोन आठवड्यांनी दातांची व्यावसायिक स्वच्छता झालेल्या रुग्णांत सर्व पद्धती यशस्वी ठरल्या. अशा देखरेखीविना सर्वच अयशस्वी ठरल्या. १९८२ मध्ये निमन यांच्या गटाने पटाशीच्या एका दाताजवळ पातळ पडदा बसवून हिरडीच्या पेशींना मुळापासून दूर ठेवले. तेथे दाताचा आधार नव्याने निर्माण झाल्याचे आढळले व पुनर्निर्मितीचा मार्ग खुला झाला.

निष्कर्ष :
या इतिहासात शल्यविशारदांचे हस्तकौशल्य क्वचितच उणे पडले. उणीव होती ती रोगाच्या आकलनात. त्या उणिवेची किंमत रुग्णांनी आपल्या हाडाने चुकविली. शस्त्रक्रिया मुळापर्यंत पोहोचण्याची वाट करून देते. परंतु तिचे फळ टिकते ते नंतरच्या नित्य स्वच्छतेने. रिग्ज यांचा आग्रह या दृष्टीने दूरदर्शी ठरतो.