नेट मीटरिंगचा वाद विधिमंडळाच्या कार्यवाहीत का सापडत नाही?

धोरणाचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपला हात सवयीने विधिमंडळाच्या कार्यवाहीकडे जातो. विधेयक कधी आलं, कोण बोललं, दुरुस्त्या कोणत्या सुचवल्या, मतदान कसं झालं. ही सवय चांगली आहे, पण काही विषयांत ती आपल्याला चुकीच्या कपाटासमोर नेऊन उभी करते. छतावरची सौरऊर्जा आणि तिचं नेट मीटरिंग हा असाच एक विषय. महाराष्ट्रात या प्रश्नावर खडाजंगी झाली, मसुदे आले, मागे घेतले गेले, आकडे बदलले. पण नियम विधानसभेत घडला नाही. मग तो कुठे घडला आणि त्या जागेमुळे कोणाचं म्हणणं नोंदलं गेलं, कोणाचं नाही, हे आज पाहू. उदाहरणासाठी वर्धा जिल्हा सोबत ठेवू.

आधी हिशेब

वाद समजण्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणा. वर्ध्यात स्लॅबचं घर आहे आणि गच्चीवर ३ किलोवॅटची पॅनेलं आहेत. ढोबळमानाने १ किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिट धरले, तर महिन्याला ३६० युनिट तयार होतात. घराचा एकूण वापर ३०० युनिट. दिवसा घरात माणसं कमी, म्हणून उन्हाच्या वेळेत घर स्वतःच १२० युनिट वापरतं आणि उरलेले २४० तारेवरून बाहेर जातात. रात्री कूलर, पंखे, फ्रिज चालतात. त्यासाठी १८० युनिट ग्रीडकडून येतात.

नेट मीटरिंगमध्ये हिशेब युनिटला युनिट होतो. दिले २४०, घेतले १८०, म्हणजे ६० युनिट पुढच्या महिन्याला जमा. बिलावर मुख्यतः स्थिर आकार उरतो.

नेट बिलिंगमध्ये दिलेल्या युनिटचा दर वेगळा आणि घेतलेल्याचा वेगळा. समजण्यापुरतं धरू की विक्रीला ३ रुपये मिळतात आणि खरेदीला १० रुपये लागतात. २४० युनिटचे ७२० रुपये मिळाले, १८० युनिटचे १,८०० द्यावे लागले. म्हणजे स्थिर आकार सोडून १,०८० रुपये खिशातून गेले. पॅनेलं तीच, ऊन तेच, वापरही तोच. बदलला तो फक्त हिशेबाचा नियम.

पहिल्या पद्धतीत ग्रीड ही बँक आहे, दुसऱ्या पद्धतीत बाजार. तूर विकून पुढे दुकानातून डाळ विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. आता या दोहोंपैकी कोणती पद्धत लागू होणार हे कोण ठरवतं, ते पाहू.

ठरवण्याची जागा

नेट मीटरिंगवरचं बरंचसं मूळ साहित्य अमेरिकन आहे. तिथे १९८३ मध्ये मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाने याबाबत कायदा केला. त्यामुळे 'कोणत्या सदस्याने काय भूमिका घेतली' हा प्रश्न तिथल्या अभ्यासकाला सहज सुचतो. तोच प्रश्न उचलून महाराष्ट्रावर लावला तर हाती फार काही लागणार नाही. संशोधनाचा प्रश्न उसना घेताना त्या देशाची संस्थात्मक रचनाही सोबत येते, हे लक्षात असू द्या.

आपल्याकडे वीज हा समवर्ती सूचीतला विषय, ३८ वी नोंद. संसदेने केलेला विद्युत अधिनियम २००३ हा आजचा मुख्य कायदा. त्याच्या मजकुरात 'नेट मीटरिंग' हा शब्दप्रयोगच नाही. कलम ८६(१)(ई) राज्य आयोगाला नवीकरणीय ऊर्जेला चालना देण्याचं काम सोपवतं आणि कलम १८१ विनियम करण्याचा अधिकार देतं. म्हणजे संसदेने चौकट दिली, आतला मजकूर नियामक आयोगावर सोडला. आपल्या राज्यात हा आयोग, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, १९९९ मध्ये स्थापन झाला.

संशोधकासाठी त्या १८१ मधलं तिसरं उपकलम सोन्यासारखं आहे. आयोगाने केलेला प्रत्येक विनियम 'पूर्वप्रसिद्धी'च्या अटीला बांधलेला आहे. पूर्वप्रसिद्धी म्हणजे आधी मसुदा जाहीर करायचा, हरकती आणि सूचना मागवायच्या, त्यांचा विचार करायचा, मग अंतिम मजकूर काढायचा. ही पद्धत १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २३ मध्ये सांगितलेली आहे. इंग्रजी अमदानीतल्या एका रुक्ष कलमामुळे आज आपल्याला वादाची लेखी नोंद मिळते!

आणि विधिमंडळ? कलम १८२ म्हणतं की आयोगाचे विनियम केल्यानंतर ते राज्य विधिमंडळासमोर ठेवावेत. 'केल्यानंतर' या शब्दाकडे नीट पाहा. नियम सभागृहात पोचतो तेव्हा तो तयार झालेला असतो. म्हणून 'नेट मीटरिंगवरची कायदेविषयक चर्चा' असा विषय घेतलात, तर 'कायदेविषयक' याचा अर्थ पहिल्याच प्रकरणात स्पष्ट करा. चर्चा झाली, कायद्याच्या ताकदीचा नियमही झाला, पण निवडून न आलेल्या मंडळासमोर.

२०१५ ते २०१९: एका मसुद्याची गोष्ट

राज्यात छतावरच्या सौरऊर्जेसाठी नेट मीटरिंगचे विनियम सप्टेंबर २०१५ मध्ये आले. त्या काळचं वातावरण उत्साहाचं होतं. त्याच वर्षी केंद्राने २०२२ पर्यंत १०० गिगावॅट सौरऊर्जेचं लक्ष्य जाहीर केलं होतं आणि त्यातले ४० गिगावॅट छतांवरून यायचे होते. आयोगाने दार उघडलं, पण सावधपणे. एका वितरण रोहित्राच्या, म्हणजे आपण गल्लीत ज्याला डीपी म्हणतो त्याच्या, क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंतच छतावरची सौरवीज जोडता येईल अशी मर्यादा ठेवली.

चार वर्षांनी सूर बदलला. ऑक्टोबर २०१९ च्या मसुद्यात नेट मीटरिंगचा लाभ महिना ३०० युनिटच्या मर्यादेशी बांधायचा आणि त्यापुढे नेट बिलिंग आणायचं असा प्रस्ताव होता. सौर व्यावसायिक, ग्राहक संघटना, उद्योजक यांनी जोरदार हरकती घेतल्या. ३० डिसेंबर २०१९ ला अंतिम विनियम आले तेव्हा ३०० युनिटची अट गेली होती. नेट मीटरिंग टिकलं, नेट बिलिंग पर्याय म्हणून आलं आणि डीपीची मर्यादा ७० टक्क्यांवर गेली.

पण महावितरणचं म्हणणं पूर्ण फेटाळलं गेलं नाही. ग्रीड वापरल्याबद्दल सौर ग्राहकांकडून वेगळा आकार घ्यावा ही कल्पना विनियमांत राहिली. फक्त राज्यातली छतावरची क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत तो आकार लागू होणार नाही, असं ठरलं. इतिहास लिहिणाऱ्याने इथे थांबावं. वाद मिटला नव्हता, तो एका आकड्यामागे पुढे ढकलला होता. धोरणांच्या दस्तऐवजांत असे आकडे शोधत चला. 'अमुक मर्यादा गाठेपर्यंत' असं लिहिलेलं दिसलं की समजा, तिथे दोन पक्षांची तडजोड दडली आहे.

दिल्लीतून आलेला नियम

यानंतर आणखी एक पातळी मध्ये आली. ३१ डिसेंबर २०२० ला केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम अधिसूचित केले. नाव ग्राहकांच्या हक्कांचं, पण त्यात १० किलोवॅटपर्यंतच नेट मीटरिंग आणि त्यावर ग्रॉस मीटरिंग, म्हणजे तयार झालेली सगळी वीज ठरलेल्या दराने विकायची, अशी तरतूद होती. लहान उद्योग, शाळा, दवाखाने अशा मोठ्या छतांना याचा फटका बसणार होता. पुन्हा विरोध झाला. २८ जून २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांतलं जे कमी असेल तेवढी केली.

सहा महिन्यांत १० चे ५०० झाले! एवढा मोठा फरक कोणत्या पुराव्यावर पडला, हा एका चांगल्या शोधनिबंधाचा प्रश्न आहे. इथेही सभागृहातलं मतदान नाही. केंद्राने आपल्या नियम करण्याच्या अधिकारात हे केलं.

दोन्ही बाजू नीट मांडा

आपल्यापैकी बहुतेकांचा ओढा सौरऊर्जेकडे असतो, म्हणून वितरण कंपनीचा युक्तिवाद आपण उडवून लावतो. तसं करू नका. त्यात तथ्य आहे. तारा, खांब, डीपी, लाइनमनचा पगार हा खर्च सूर्य उगवला म्हणून कमी होत नाही. आपल्याकडे जास्त वापराच्या टप्प्याला चढा दर असतो आणि त्यातून कमी वापरणाऱ्यांचा दर खाली ठेवायला मदत होते. आधी पॅनेलं बसवतो तो कोण? बहुधा जास्त वापर असलेला, पक्क्या छताचा, पैसे गुंतवू शकणारा ग्राहक. तो बिलातून बाहेर पडला की त्याच्या वाटचा भार टिनाच्या छपराखालच्या ग्राहकावर सरकतो.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच ठोस आहे. गच्चीवर तयार झालेली वीज शेजारच्याच घरात वापरली जाते. ती शेकडो किलोमीटर वाहून आणावी लागत नाही, वाटेतली गळती वाचते. दहा-वीस वर्षांच्या गुंतवणुकीला स्थिर नियम लागतो. मध्येच हिशेब बदलला तर कर्ज काढून पॅनेलं लावलेला मध्यमवर्गीय अडकतो.

म्हणजे 'सौर विरुद्ध कोळसा' एवढ्यावर हा वाद संपत नाही. सर्वांच्या तारांचा खर्च कोणी उचलायचा, हा त्यातला मुख्य प्रश्न आहे.

वर्ध्यातून पाहिलं तर

आता जिल्ह्याकडे वळू. वर्ध्यात पॉवरग्रीडचं ७६५ किलोव्होल्टचं उपकेंद्र आहे. छत्तीसगडकडून येणाऱ्या विजेचा मोठा प्रवाह या टप्प्यावरून जातो. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही औष्णिक केंद्रं आसपासच्या जिल्ह्यांत आहेत. 'कोळसा आमचा, धूर आमचा आणि लाइनही आमचीच जाते' ही भारनियमनाच्या काळातली विदर्भाची तक्रार तुम्ही ऐकलेली असेल. मोठी वीज डोक्यावरून जाते आणि घरातली वीज डीपीवर अडते, अशा जिल्ह्यात स्वतःच्या गच्चीवर वीज तयार करण्याला बिल वाचवण्यापलीकडचा अर्थ येतो.

इथे आणखी एक धागा आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात सुरू झाला आणि मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम पाहिलं. १९४५ च्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या पुस्तकात त्यांनी निसर्गातल्या संपत्तीचे दोन प्रकार केले. कोळसा, खनिज तेल यांसारखी साठ्याची संपत्ती, जी वापरली की संपते आणि जिच्यावरून भांडणं होतात. दुसरी प्रवाहाची, जी पुन्हा पुन्हा येत राहते. या विभागणीत सूर्यप्रकाश प्रवाहात बसतो. पण नेट मीटरिंग काय करतं? दुपारच्या प्रवाहाला वहीत लिहून रात्रीसाठी साठा बनवतं. भांडण पुन्हा साठ्यावरच येतं, फक्त हा साठा खाणीतला नसून मीटरमधला आहे. कुमारप्पांनी नेट मीटरिंगबद्दल काही म्हटलेलं नाही, तेव्हा त्यांना या वादात साक्षीदार करू नका. पण त्यांची वर्गवारी वापरून प्रश्न विचारता येतो.

तिसरी गोष्ट नोंदींबद्दल. कलम ९४(३) नुसार आयोग ग्राहकांच्या वतीने बोलण्यासाठी प्रतिनिधी नेमू शकतो. प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटना अशा संस्थांनी हे काम केलं आहे. त्यांचा अभ्यास दांडगा. पण विदर्भाचा आवाज तिथे मुख्यतः उद्योगाचा आवाज म्हणून पोचला, तर आष्टी-कारंज्यातल्या भाडेकरूचा, गच्चीच नसलेल्या घराचा, समुद्रपूरच्या किराणा दुकानदाराचा हिशेब कोणी मांडायचा? मसुदा इंग्रजीत, युक्तिवाद तांत्रिक आणि आयोग मुंबईत. दार उघडं असलं तरी उंबरठा उंच आहे.

वाद अजून चालू आहे

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि पॅनेलं लहान शहरांतल्या साध्या घरांवरही दिसू लागली. पाठोपाठ २०२५ च्या वीजदर प्रस्तावात जुना प्रश्न नव्या रूपात आला. दिवसा दिलेलं युनिट रात्रीच्या युनिटशी वळतं करायचं की फक्त दिवसाच्याच वापराशी? वरच्या उदाहरणातले २४० युनिट पुन्हा काढा आणि हिशेब करून पाहा. बँक की बाजार हाच प्रश्न आता घड्याळ लावून विचारला जातो आहे.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर

पहिलं, मसुदा आणि अंतिम विनियम शेजारी ठेवून ओळीओळीने फरक काढा. काय गळलं, काय आलं, कोणता आकडा हलला.

दुसरं, आयोगाचं 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' वाचा. त्यात मूळ प्रस्ताव, आलेल्या हरकती आणि त्यावर आयोगाचा निर्णय असा क्रम असतो. विधिमंडळाच्या कार्यवाहीची जागा इथे हा दस्तऐवज घेतो. मात्र हरकती आयोगाच्या शब्दांत संक्षेपाने येतात, हे विसरू नका. मूळ निवेदन मिळालं तर तेच वाचा.

तिसरं, हरकत घेणाऱ्यांची यादी करा. जिल्हा, व्यवसाय, घरगुती की औद्योगिक. नंतर त्या यादीत कोण नाही ते लिहा. तुमचा खरा संशोधन प्रश्न बहुतेक वेळा या दुसऱ्या यादीतून निघतो.

चौथं, एका डीपीवर या. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, कुठलीही एक गल्ली घ्या. किती छतांवर पॅनेलं, कोणाच्या, शेजारच्या घरांचं बिल काय सांगतं. लोकांच्या परवानगीने दोन-तीन वर्षांची बिलं पाहा आणि स्थिर आकार, वहन आकार, वळती केलेली युनिटं वेगवेगळी मांडा. ४० टक्के आणि ७० टक्के हे आकडे आयोगाच्या कागदावर लिहिले गेले, पण त्यांचा अर्थ त्या खांबाखाली ठरतो. त्यासाठी प्रवासखर्चही फारसा लागणार नाही.